चार बोटांची फट

११ ऑगस्ट
पाऊस थांबायचं नाव घेत नाही. मामाच्या शेडच्या पत्र्यावर असा वाजतो की वेल्डिंग चालू आहे की बंद, ते बघूनच कळतं. पाईप आले. दोघांवर जस्ताचा थर धड नव्हता, परत पाठवले. गाडीवाला काहीतरी बडबडला, मीही बडबडलो. मामा मध्ये पडला. "ओंक्या, तू सामान उतरव. भांडूचा काम माझा."

दुपारी मृणालचा फोन. तिकडे हिमाचलात कडक ऊन आणि गार वारा. तिच्या संशोधन केंद्रातलं काचघर आता उभं आहे एवढंच. लोखंड कलंडलंय, काचांच्या कडेची लांबी, म्हणजे पुट्टी, गळून गेलीय, फुटक्या जागी गोणपाट कोंबलेत. गेल्या हिवाळ्यात आत शेगडी पेटवून बसायची आणि तरी तिसऱ्या पिढीची अर्धी रोपं गेली. टोमॅटो. थंडीत फुलणारा वाण काढायचाय तिला. आता चौथी पिढी. या हिवाळ्यात ती फुलून तिला बी धरलं की पीएच्‌डी हातात.

आणि मग आमच्या लग्नाचं घरी बोलणार. देवगडला पवनचक्कीजवळ जे ठरलं ते. मी विसरलो नाही, तीही नाही.

१४ ऑगस्ट
ड्रॉइंग आलं. पुण्याचे वाळिंबे म्हणून इंजिनियर आहेत, केंद्राने त्यांच्याकडून जुन्या काचघराचं नवं रूप काढून घेतलंय. काच जाऊन दुहेरी पोकळ शीट. उत्तरेची भिंत बंद, आतून पाण्याची काळी पिंपं, दिवसा तापणार आणि नंतर ऊब सोडणार. वरून आडवा पडदा, संध्याकाळी मोटरने ओढायचा, म्हणजे ऊब छपराकडे पळत नाही. मस्त आहे. कॉलेजात असं काही कुणी शिकवलं असतं तर मी तिसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून निघून आलो नसतो. (आलो असतो. सर तेच होते.)

काम मामाला मिळालं ते मृ.मुळे. केंद्राने टेंडर काढलं तर कुणी भरेना, एवढ्या लांब, एवढ्या वर. तिने तिच्या साहेबांना सांगितलं, आमच्याकडे एक फॅब्रिकेटर आहेत, समुद्राकाठी लोखंड जगवतात. इथे सुटे भाग बनवायचे, जोडून बघायचे, परत सोडवून ट्रकने पाठवायचे, तिथे उभं करायचं. मी जाणार. तीन आठवडे तरी. तिच्या केंद्रात, रोज.

मामाने ड्रॉइंग बराच वेळ बघितलं. बोट आढ्यावर ठेवलं. दोन्ही बाजूंची शीट वर येऊन मिळते तिथे वाळिंब्यांनी सगळं चिकटवून सील केलंय.
"सगळा बंद? मगे वारो खयसून जातलो? छप्पर घेवनच जातलो."

काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात मामाच्या शेडचा पत्रा उडून शेजारच्या बागेत पडला, तेव्हापासून मामा आढं पूर्ण बंद करत नाही. चार बोटांची फट ठेवायची आणि तिच्यावर उंच टोपी, दोन्ही बाजूंना हातभर उतरणारी. वारा आत शिरला तर वरून निघून जातो. पाऊस टोपीवरून घरंगळतो. आमच्या किनाऱ्यावर त्याने केलेलं एकही छप्पर त्यानंतर गेलेलं नाही.

आणि मृ.च सांगत असते ना, दुपारनंतर त्यांच्या दरीत वाऱ्यापुढे माणूस उभा राहत नाही.

१७ ऑगस्ट
आज मजा आली. छपराचा एक तुकडा टोपीसकट शेडमागे उभा केला, खऱ्या मापाचा. पाऊस तर असा की समोरचा माड दिसेना. मी, मामा आणि आग्नेल तिघे खाली जाऊन उभे राहिलो. आग्नेल म्हणजे आमचा वेल्डर, आमच्याच देवबागचा, चर्चच्या पुढचं घर. वाऱ्याचे सपाटे चालू. मी डोक्यावर पेपर धरून उभा, एक थेंब पडला तर कळावं म्हणून.

पेपर कोरडा.

आग्नेल म्हणाला, "मेल्या, आता समुद्रात बुडव ह्याका, तरी भितर सुको रवतलस." मामा हसला. मामा हसतो कधी? व्हिडिओ काढून मृ.ला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

२० ऑगस्ट
वाळिंब्यांचा फोन. मामा बाहेर, मी घेतला.

व्हिडिओ मृ.ने त्यांना पुढे पाठवला होता. म्हणाले, फट चालणार नाही. मी म्हटलं, का. म्हणाले ऊब जाईल. मी म्हटलं, खाली पडदा आहे की तुमचाच. म्हणाले, बर्फाचा विचार केलाय का? मी म्हटलं, इथे आमच्यासारखा पाऊस तुम्ही बघितलाय का? इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, काम कधी निघणार. मी सांगितलं चवथीनंतर, मधे शेड बंद. तर म्हणाले, गणपती आम्हालाही असतात हो, पण तिकडे बर्फ गणपतीसाठी थांबत नाही. तुमच्याकडे एकदा सुट्टी लागली की माणसं दिसतच नाहीत.

माझं डोकं गेलं. काय काय बोललो सगळं आठवत नाही. पुण्यात बसून कागदावर वारा काढता. छपरावर कधी चढलात का. आमचं छप्पर गेलं तर माणसं खाली असतात. बराच वेळ बोललो. पलीकडून आवाज येईना, मला वाटलं कट झाला.

मग म्हणाले, "ठीक आहे. मृणाल मॅडमना चालत असेल तर करा तसं."

लगेच तिला लावला. सगळं समजावलं, टोपी, पडदा, वारा. ती म्हणाली, "ओंकार, इथे बर्फ असतो."
"बर्फ म्हणजे पाणीच ना गो. पाऊस आत येत नाही तर बर्फ काय येतो."
तिने विचारलं, "नक्की?"
"माझ्यावर विश्वास नाही?"
"बरं. करा तसं."

हो म्हणाली. वाळिंब्यांसारखा माणूस एकीकडे आणि मी एकीकडे, तर ती माझ्याकडे. संध्याकाळी गाडी घेऊन उगाच तारकर्लीपर्यंत जाऊन आलो, भिजत.

२६ ऑगस्ट
उद्या चवथ. शेड आज दुपारी बंद. गणपतीवरची माटवी बांधायला बाबांबरोबर होतो तेवढ्यात मामा आला. मला बाजूला घेतलं.

मी जायचं नाही. वाळिंब्यांनी मामाला वेगळा फोन केलाय. "साहेबान सांगल्यान, काम तुम्ही करा, झील साईटवर नको." मी म्हटलं, आणि तू ऐकून घेतलंस? मामा म्हणाला, "तुझ्या तोंडाक कुलूप नाय, त्याका मी काय करू?"

हातातली कोयती फेकली. माडाला लागली. कुणाला लागली नाही. आई दारात होती, आत गेली. बाबा ओरडले, मीही ओरडलो. सणाच्या आदल्या दिवशी.

मृ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग नको भांडत बसू. हिवाळा संपला की मीच येणार आहे ना." एवढ्या शांतपणे कसं म्हणते.

७ सप्टेंबर
ट्रक गेला. मामा आणि आग्नेल उद्या रेल्वेने. टोपीचे सगळे तुकडे मी स्वतः गोणपाटात गुंडाळले, प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक. बोल्टच्या पिशव्या बांधल्या. शेवटच्या पिशवीत तिच्यासाठी कोकमं टाकली, आग्नेलला सांगून. माझ्या हातचं सगळं तिथे पोचणार.

शेड रिकामी. तो छपराचा तुकडा तेवढा मागे उभा आहे.

२१ सप्टेंबर
आग्नेलचा फोन. दात वाजत होते त्याचे, ऐकू येत होतं. "हंय भात शिजाक अर्धो दीस लागता. बांगडो नाय, माड नाय. देव आसा काय नाय, माका डाउट इलो." मामाने म्हणे दोन स्वेटरवर रेनकोट घातलाय आणि त्याच्यावर मृ.ने दिलेली शाल.

मृ. दोघांना रोज संध्याकाळी जेवायला बोलावते. कुकरमध्ये भात करते, कोकमाचं सार करते. मी इथे ओरसला एका सरकारी क्वार्टरची गळकी गच्ची झाकतोय, पत्रे मोजतोय, आणि आग्नेल तिच्या हातचं सार पितोय.

५ ऑक्टोबर
झालं. फोटो आला. बाहेर उघडे तपकिरी डोंगर, टोकाला पांढरे, आणि मधे आपलं घर. शीटमागून उजेड झिरपतोय, दुधासारखा. तिच्या डोक्यावर लोकरी टोपी, एका बाजूला मामा, एका बाजूला आग्नेल. तिच्या साहेबांनी मामाला हाताला धरून सगळ्यांपुढे उभं केलं म्हणे. जुन्या काचघराचं लोखंड बाजूला ढीग करून ठेवलंय.

बारीक झालीय ती.

२१ ऑक्टोबर
दिवाळी. मामा येऊन चार दिवस झाले. फराळाला गेलो तर एकटा गाठून मृ.बद्दल म्हणाला, "चेडू गुणाचा आसा." मग म्हणाला, "तिच्यावांगडा आवाज चढव नको कधी." मी विचारलं, ती काही बोलली का. मामा म्हणाला, ती काय बोलतली. पुढे लाडूच खात बसला.

मी तिच्यावर कधी आवाज चढवलाय? एकदा. दोनदा.

१६ नोव्हेंबर
फूल. पिवळं, खाली मान घातलेलं, नखाएवढं. तिने सकाळी फोटो पाठवला, खाली थर्मामीटर धरलेला. बाहेर उणे सात, आत अधिक नऊ. शेगडी नाही, लाकूड नाही. फक्त पिंपांतलं पाणी आणि पडदा. तिला शब्द सुचत नव्हते. गेल्या वर्षी या दिवसांत मी रोज रात्री उठून लाकडं टाकत होते, ओंकार, या वर्षी झोपते.

झोपते. हे मी केलं.

बाबांच्या बोटीवर होतो, पुण्याचे पर्यटक घेऊन, डॉल्फिन दाखवायला. फोटो सगळ्यांना दाखवला. एक बाई म्हणाल्या, टोमॅटोचं फूल आहे ना, आमच्या बाल्कनीत पण येतं. मी हसलो. माझा स्वभाव बदलतोय बहुतेक.

३ डिसेंबर
फळं धरली. हिरवी, गोट्यांएवढी. पिकून बी निघायला फेब्रुवारी. आईला आज अर्धं सांगून टाकलं, जामसंड्याची एक मुलगी आहे म्हणून. आईने विचारलं, वयाने? मी म्हटलं दोन वर्षं मोठी. आई म्हणाली, बरं. मग म्हणाली, शिकलेली? मी म्हटलं खूप. आई पुन्हा म्हणाली, बरं, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला तुझं कॉलेज माहीत आहे ना, म्हणाली.

१२ डिसेंबर
कालपासून फोन लागत नाही. वादळ असेल. तिकडे असं होतं.

१३ डिसेंबर
सकाळी व्हिडिओ आला. आधी वाटलं बाहेरचा आहे.

आतला आहे. आत बर्फ पडतोय.

छप्पर जागेवर. टोपी जागेवर. एक बोल्ट हललेला नाही. आढ्याखालून, आपल्या त्या फटीतून, बर्फ पिठासारखा आत भुरभुरतोय, सावकाश, वाफ्यांवर. पडदा फाटून तारांवर लोंबतोय. कॅमेरा एका वाफ्यावरून दुसऱ्यावर. रोपं काळी, उकडलेल्या पालेभाजीसारखी. गोट्यांएवढी फळं तशीच, काचेची असल्यासारखी. शेवटी तिचा हातमोजा दिसतो, एका फळाला धरलेला. संपलं.

दुपारी फोन लागला. कसं झालं ते तिने सांगितलं, हळूहळू, क्लासमध्ये सांगतात तसं. तिथला बर्फ कोरडा असतो. वारा त्याला खालून वर ढकलतो. आमची टोपी खाली उतरते आहे, पण तो तिच्याखाली शिरतो आणि वर चढतो, आणि फटीतून आत. पडद्यावर साठत गेला. खालच्या उबेने थोडा वितळला, परत गोठला, जड झाला, पडद्याची मोटर अडकली. पहाटे कधीतरी पडदा फाटला. सकाळी ती गेली तेव्हा आत उणे अकरा.

"इथला बर्फ पडत नाही रे," म्हणाली. "उडतो."

मी काहीतरी बोललो. काय ते लिहवत नाही. मी रडतोय हे तिला कळलं असावं, कारण तीच म्हणाली, जा, पाणी पी.

१४ डिसेंबर
मामाला दाखवलं. त्याने फोन हातात घेऊन एकदाच बघितलं, परत दिला. शेडमागे गेला. मी मागोमाग. तो छपराचा तुकडा अजून तिथेच आहे. मामा त्याच्याखाली उभा राहिला, हात वर करून फटीत चार बोटं घातली. ऊन होतं. फटीतून एक पट्टा त्याच्या कपाळावर पडलेला.

"वारो येतलो ह्या माका म्हायत होता. वाऱ्यावांगडा काय येता, ता खंय म्हायत होता."

घरी जाऊन जेवला नाही म्हणे. मामीचा फोन आला मला, काय झालंय म्हणून.

१८ डिसेंबर
चौथ्या पिढीतलं एकही रोप राहिलं नाही. सगळी तपासली तिने. देठ कापून. तिसऱ्या पिढीचं थोडं बी शीतपेटीत आहे. म्हणजे परत तिथूनच.

तिचे साहेब विचारतायत, ड्रॉइंगमध्ये नसलेली फट कुठून आली. तिने सांगितलं, मी हो म्हटलं होतं.

मी म्हटलं, माझं नाव सांग. ती म्हणाली, "तुझं नाव कुठेच नाहीय, ओंकार. कुठल्या कागदावर नाही. कुणाचं सांगू?"

२२ डिसेंबर
वाळिंब्यांना फोन केला. आधी दोनदा लावून कापला. त्यांनी उचलल्या उचलल्या मी सांगणार होतो, माझी चूक, तुम्ही म्हणत होतात ते बरोबर, केंद्राला सांगा मुलाने ऐकलं नाही. पाठ करून ठेवलं होतं.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. थकल्यासारखे वाटले. म्हणाले, मलाही जाब द्यावा लागतोय, द्यायलाच हवा, मी इंजिनियर आहे. मी म्हटलं, पण मी तुम्हाला पटवलं म्हणून.

"तू मला पटवलं नाहीस," म्हणाले. "मला त्या दिवशी अजून दोन फोन करायचे होते. तुझ्याशी बोलायचा कंटाळा आला होता. म्हणून मी हो म्हटलं. आणि मॅडमवर ढकललं. हे मी केंद्राला कसं लिहू, सांग?"

मग म्हणाले, ठेवू का. मी म्हटलं हो सर.

२५ डिसेंबर
आग्नेलकडे गेलो. नाताळ. त्याच्या आईने नेवऱ्या दिल्या, काळा केक दिला. आग्नेल एरवी बोलून बोलून डोकं उठवतो, आज माझ्या शेजारी बसून राहिला. एकदाच म्हणाला की तिथे असताना मृणालने एक दिवस जिना लावून वर चढून फट बघितली होती, बराच वेळ. मग खाली उतरली आणि काही बोलली नाही. त्याला वाटलं पसंत पडली.

त्या दिवशी तिचा मला फोन होता. आग्नेलचं पोट कसं बिघडलंय ते सांगून हसली होती. फटीचं नाव नाही. का नाही?

८ जानेवारी
रस्ता दोन दिवस उघडला तेवढ्यात उतरली. जामसंड्याला आलीय. मला तिच्या पोचल्यानंतर कळलं.

दोन महिने तिथे सांभाळायला काही नाही म्हणून आली. मला ती यायला हवी होती. आली.

१३ जानेवारी
आज गेलो. देवगडची एसटी, मग चालत. कलमांना मोहोर आलाय, सगळीकडे फवारणीचा वास. तिचे बाबा शाळेतून निवृत्त झालेत, बागेत माणसांबरोबर होते, लांबून हात केला. मी कोण ते त्यांना माहीत आहे, म्हणजे कॉलेजातला ज्युनियर एवढं.

पडवीत बसलो. तिच्या गालांवर थंडीने चिरा पडल्यात, ओठ फाटलेत. तिच्या आईने सोलकढीचे पेले आणून ठेवले, आत गेली. फोनवर मृ. नेहमी शुद्ध बोलते, घरी आली की मालवणी.

तिने पुढचं सांगितलं. तिसऱ्या पिढीच्या बियांपासून परत सुरू. दोन हिवाळे. फेलोशिपचं एकच वर्ष उरलंय, वाढवून मागायची, देतील की नाही माहीत नाही. मार्चमध्ये परत जाणार. साहेब ओरडले नाहीत, पण आता प्रत्येक गोष्ट लिहून मागतात.

मी वाळिंब्यांचं सांगितलं. त्यांनी कंटाळून हो म्हटलं होतं, असं. मला वाटलं तिलाही राग येईल त्यांचा. ती पेल्याकडे बघत होती.

मी विचारलं, "तुका तरी पटला होता ना?"

"नाय."

"मगे?"

"तू भांडलो असतस. मगे फोन ठेवलो असतस, आणि आठ दीस बोललो नसतस. माका रोपा लावची होती."

एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाण्याची पाळी सांगावी तसं.

मी म्हटलं, मग तेव्हाच बोलायचं होतंस, तू वर चढून बघितलंस, तुला दिसत होतं, एक शब्द बोलली असतीस तर. माझा आवाज चढला. मला तो ऐकू आला. बागेतून तिचे बाबा वळले. आणि तिने माझ्यासमोरचा पेला उचलला आणि लांब, तिच्या बाजूला ठेवला. न बघता.

आई असंच करते. बाबांचा आवाज चढला की जवळचं भांडं उचलून बाजूला.

मी उठलो. मग काय बोललो आठवत नाही. एसटी चुकली, रिक्षाने आलो देवगड स्टँडपर्यंत.

१४ जानेवारी
संक्रांत. कुणाकडे गेलो नाही.

पवनचक्कीजवळचा तो दिवस परत परत. मी म्हटलं होतं, मला आत्ता सांग, हो की नाही, मी असा लटकत राहणार नाही. वारा होता. तिची ओढणी तोंडावर येत होती. ती म्हणाली, हो रे, ही पिढी झाली की घरी बोलते. मला तेव्हा आवाजातलं काही कळलं नाही. मी काय ऐकत होतो?

मी तेव्हा ओरडत होतो का?

बहुतेक.

२ फेब्रुवारी
ती परवा फोनवर होती. साधं बोलणं. कुठली रोपं आधी लावणार, पिंपं फुटली का गोठून (दोन फुटली). मी फार बोललो नाही. ती म्हणाली, बरं नाही का तुला. मी म्हटलं बरा आहे.

आधी मी फोनवर एवढं बोलायचो की ती काय म्हणायची तेही मीच म्हणायचो. आता ऐकतो तर ती मधे थांबते. थांबते म्हणजे, मी काहीतरी म्हणायची वाट बघते. ते म्हणणं काय असेल याची तयारी करून असते. दर वाक्यानंतर. इतकी वर्षं ती अशी बोलते?

१० फेब्रुवारी
कॉलेजात जाऊन आलो. परत घेतील का विचारायला. क्लार्क म्हणाले, नियम बघावा लागेल, अर्ज करा. ते टेबलवाले सर व्हरांड्यात भेटले. मी नमस्कार केला. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. हसून घेतलं, पण घेतलं.

२४ फेब्रुवारी
मामाने शेडमागचा तुकडा खाली घेतला. आढं सील करून परत उभा केला, फट नाही, टोपी नाही, वाळिंब्यांच्या मूळ ड्रॉइंगप्रमाणे. रस्ता उघडल्यावर केंद्रात जाऊन तसंच करायचं, असं वाळिंब्यांनी कळवलंय, कुणाचा दोष याची चर्चा नाही. मामा म्हणाला, हंयच्या वाऱ्यात उडाला तर उडाला. मग शिडीवर चढून सीलवर अंगठा फिरवत राहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

५ मार्च
मृ. उद्या परत निघतेय. कणकवलीला गाडी. येऊ का विचारलं. बाबा सोडणार आहेत, म्हणाली, पण ये ना, ये. मी गेलो नाही.

बरोबर केलं की चूक, माहीत नाही. ये म्हणाली होती.

१९ मार्च
आज संध्याकाळी मामा देवबागला आला, खास माझ्यासाठी. सामानाच्या ट्रकना रस्ता महिन्याभरात उघडेल. आढं बदलायला दोन माणसं हवीत, आग्नेलच्या बहिणीचं लग्न आहे, तो येत नाही. वाळिंब्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं, मुलाला आणायला माझी हरकत नाही, मॅडमना विचारा.

"मगे तिका विचार," मामाने उद्याची मुदत दिली. "फाल्या सांज सांग माका. तिकीट काढूचा आसा."

खाडीच्या कट्ट्यावर बसून फोन काढला. तिचं नाव समोर. मेसेज लिहिला, मी आलो तर चालेल का तुला. पुसला. परत लिहिला, नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. तो वाचला तर धमकीसारखा वाटला. पुसला.

विचारलं तर ती हो म्हणेल. लगेच म्हणेल. ये ना, म्हणेल.

अजून विचारलेलं नाही.